पागेवाले

श्रीपतराव माने यांना कुणी ‘पोलीसकाका’ म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. बडोद्याच्या तरसालीतल्या पोराटोरांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम तसंच म्हणायची. अंगात खाकी कपडे, डोक्यावर टोपी, सायकलच्या दांड्याला बांधलेली काठी आणि भरघोस मिशा. असा माणूस रोज सकाळी मकरपुऱ्याकडे जाताना दिसला तर पोरांनी त्याला दुसरं म्हणायचं तरी काय? पण श्रीपतराव सायकलवरून उतरत, तिला स्टँडवर लावत आणि पोरांना समजावायला घेत. ते पोलीस नव्हते. ते एका कारखान्याच्या गेटवर हवालदार होते. आणि त्यांच्या मते हवालदार हे पद मुळात फौजेचं, पोलिसांनी ते ढापलेलं.

त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत, म्हणजे घोडदळात होते. श्रीपतराव त्यांना शिलेदार म्हणत. खरं तर ते बारगीर होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, बारगिराचा सरकारचा. पण चार पिढ्या उलटून गेल्यावर घोडा कुणाचा होता हे कोण विचारायला बसलंय! संस्थान विलीन झालं, पागा गेली, आणि श्रीपतरावांचे वडील एका कचेरीत पट्टेवाले झाले. श्रीपतराव स्वतः ऐन तारुण्यात फौजेच्या भरतीला गेले होते. तिथे छाती भरली नाही. फुगवून फुगवून त्यांना घेरी आली, पण छाती काही भरली नाही. घरी परतले, आणि मग कारखान्याच्या गेटवर उभे राहिले ते आयुष्यभर.

मिळाली नाही म्हणूनच असेल, पण फौजेवर त्यांचा जीव जडला तो कायमचा. त्यांच्या हिशेबात अंगावर सरकारी कपडे घालणारी माणसं दोनच जातींची: फौज आणि पोलीस. फौजी शब्द पाळतो, पोलीस शब्द फिरवतो. फौजी रस्ता दाखवतो, पोलीस चौकशी करतो. गुजरातीत ठाण्याच्या साहेबाला फोजदार म्हणतात, याचं त्यांना फार दुःख होतं. नावात फौज घुसवली म्हणून पोलिसाचा फौजी होतो का, असं ते भर रस्त्यात कुणालाही विचारत. उत्तर द्यायला कोणी थांबत नसे.

याला एक कारणही घडलं होतं. मुलगा समरजित लहान असताना गणपती विसर्जनाच्या गर्दीत सुरसागर तलावापाशी हरवला. श्रीपतराव आणि मथुराबाई चौकीवर धावले, तर तिथल्या पोलिसाने त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि बसवूनच ठेवलं. मथुराबाई रडून रडून अर्धमेल्या झाल्या. शेवटी सुट्टीवर फिरायला निघालेला फत्तेगंजच्या छावणीतला एक जवान समरला खांद्यावर घेऊन घरी आला. पाणीसुद्धा न पिता गेला. त्या दिवसापासून या विषयावर श्रीपतरावांशी वाद घालण्यात अर्थ उरला नाही. पुढे काही वर्षांनी मथुराबाई आजारपणात गेल्या, आणि घरात बाप-लेक दोघेच उरले.

नव्वदीच्या दशकात बाजार खुला झाला आणि मकरपुऱ्याचे जुने कारखाने एकेक करून माना टाकू लागले. श्रीपतरावांच्या कारखान्याचे आधी मालक बदलले, मग यंत्रं गेली, मग माणसं. हवालदार मात्र शेवटपर्यंत ठेवला होता, रिकाम्या इमारतीला राखण हवी ना! गेटच्या आत श्रीपतराव एकटे आणि गेटबाहेर युनियनचा तंबू, असे काही महिने गेले. रोज घोषणा ऐकून ऐकून त्यांचं मत बनलं की या तंबूनेच कारखाना खाल्ला. मालकाने काय खाल्लं हे गेटवरून दिसत नव्हतं.

समर आयटीआय झालेला फिटर. पण त्याला कायमची नोकरी कुणी देईना. वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर घ्यायचे आणि कायम करायची वेळ आली की काढून टाकायचे. अशातच त्याचं लग्न झालं. राजेश्वरी बोलायला कमी, पण समजुतीची मुलगी. बालवाडीत शिकवायची. वर्षभरात समरने एका एजंटामार्फत इटलीचं ठरवलं. काम गाईंच्या गोठ्यात, मुदत नऊ महिन्यांची, पुढे मालकच वाढवून देतो म्हणे. फिटर माणूस दूध काढायला सातासमुद्रापार निघाला. श्रीपतरावांना ते पटलं नव्हतं, पण घरात बसलेला तरुण मुलगा पाहणंही त्यांना जमत नव्हतं.

फोन रविवारी संध्याकाळी यायचा, तरसालीच्या नाक्यावरच्या नटुभाईंच्या बूथवर. बूथची काचेची केबिन एवढीशी की एका वेळी एकच माणूस मावायचा. आधी श्रीपतराव आत शिरत, कारण ते मोठे. राजेश्वरी बाहेर उभी राहून काचेतून सासऱ्यांच्या ओठांकडे बघत राही.

“आबा, इथे पोलीस एका जातीचे नाहीत हं,” समर एका रविवारी हसत म्हणाला. “चार-पाच प्रकारचे आहेत. कोण कुणाचा, काय समजतच नाही.”

श्रीपतरावांनी रिसिव्हर कानावर घट्ट दाबला. “नीट सांग. कपडे कसे?”

समरने गंमत म्हणून सांगितलं. राखाडी कपड्यांचे असतात ते जकात आणि कर बघतात. नगरपालिकेचे वेगळे, ते गाड्या कुठे लावल्यात ते पाहत फिरतात. निळसर कपड्यांचे खरे पोलीस. परदेशी माणसाला राहायचा परवाना त्यांच्याच कचेरीत मिळतो आणि तिथे सकाळपासून रांग लागते. आणि शेवटचे ते काराबिनिएरी. काळा गणवेश, विजारीवर लाल पट्टी, पाठीत बाक म्हणून नाही. ते इथल्या सैन्यातलेच आहेत, पण काम पोलिसाचं करतात. नाव पडलंय घोड्यावरून चालवायच्या बंदुकीवरून.

“घोड्यावरून?” श्रीपतराव एवढ्या मोठ्याने म्हणाले की नटुभाईंनी मान वर केली. “अरे, मग ही पागाच की! पागेवाले आहेत ते, समर!”

हा शब्द दोघांनाही आवडला. त्या दिवसापासून फोनवर ते परकं नाव पुन्हा कधी आलंच नाही. राखाडी ते जकातवाले, निळे ते पोलीस आणि लाल पट्टीचे ते पागेवाले. श्रीपतराव दर रविवारी नवी माहिती विचारून घेत आणि नंतर बूथबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. बडोद्याबाहेर फारसं न गेलेला हा माणूस इटलीचा बंदोबस्त असा काही समजावून सांगे, जणू कालच तिथे पहारा बदलून आलाय. लोकांची करमणूक होई. राजेश्वरीची होत नसे. तिला विचारायचं असायचं की जेवतोस काय, थंडी किती आहे, झोप लागते का. आणि आत सासरे विचारत असायचे की पट्टी नक्की लाल आहे की किरमिजी. तिच्या वाट्याला शेवटचा थोडा वेळ उरायचा. त्यात ती बडोद्याच्या बोलीत “बरे आहात ने?” एवढंच विचारायची आणि तो “हो” म्हणायचा.

मुदत संपली. मालकाने ती वाढवून दिली नाही, आणि समरचा पासपोर्टही कपाटात ठेवून घेतला. मागितला की उद्या देतो म्हणायचा. असं होता होता वर्ष उलटलं. समर फोनवर सांगायचा नाही, पण त्याचं हसणं कमी झालेलं राजेश्वरीला काचेबाहेरूनही कळायचं, कारण श्रीपतरावांचंही कमी झालं होतं.

मग एका रविवारी समरने सगळं एकदम सांगून टाकलं. गोठ्याच्या लोखंडी फाटकात त्याची दोन बोटं चेंगरली होती. मालकाने दवाखान्यातसुद्धा नेलं नव्हतं, कारण नेलं असतं तर बिनपरवान्याचा माणूस कामाला ठेवल्याचं उघडं पडलं असतं. “आबा, मला घरी यायचंय,” तो म्हणाला. “माझ्याबरोबर करजणचा हसमुख आहे ने, तो म्हणतो शहरात कामगार युनियनची कचेरी आहे. परदेशी लोकांचंही ऐकून घेतात, वकील देतात, मालकाकडून पासपोर्ट काढून देतात. परवा आम्ही दोघं जायचं म्हणतोय.”

युनियन हा शब्द ऐकला आणि श्रीपतरावांच्या डोळ्यांपुढे तो तंबू उभा राहिला. “युनियनवाल्यांच्या नादी लागू नकोस,” ते म्हणाले. “ते तुला झेंडा धरायला लावतील आणि आपलं साधून घेतील. आणि पोलिसांच्या तर सावलीलाही जाऊ नको. निळे दिसले की सरळ पळ काढायचा. तू पागेवाल्यांकडे जा.”

“आबा, पण माझ्याकडे परवाना नाही.”

“परवाना पोलीस बघतो. फौजी माणूस बघतो. ताठ उभा राहा, त्यांच्या साहेबाला भेट, सांग मालकाने पासपोर्ट दाबलाय, हात असा झालाय. सांग की माझे खापरपणजोबा पागेत होते. तू हरवलास तेव्हा तुला घरी कुणी आणलं होतं? पोलिसाने?”

राजेश्वरीने केबिनचं दार उघडलं. असं तिने आधी कधी केलं नव्हतं. “आबा, त्यांना युनियनकडे जाऊ द्या ने,” ती म्हणाली. “हसमुखभाई बरोबर आहेत. एकटं तर जावं लागणार नाही.”

“तुला काय कळतं त्यातलं?” श्रीपतराव तिच्यावर खेकसले आणि पुन्हा फोनकडे वळले. “शब्द दे मला, समर.”

 शेवटी समर म्हणाला, “बरं आबा. दिला.”

राजेश्वरीच्या हातात फोन आला तेव्हा तिने हात कसा आहे ते विचारलं. आणखी काहीतरी तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सासरे दारातच उभे होते, म्हणून ती बोलली नाही.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तेव्हा श्रीपतरावांनी आधी विचारलं ते हेच, की पागेवाल्यांनी काय केलं.

“चांगले होते आबा,” समर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर श्रीपतरावांना बरं वाटलं असतं. “बसायला खुर्ची दिली. कॉफी दिली. हाताला पट्टी बांधली. साहेबाने सगळं ऐकून, लिहून घेतलं. मग परवाना विचारला. मग गाडीत बसवून निळ्यांच्या कचेरीत नेऊन सोडलं.”

“पोलिसांच्या हाती दिलं तुला?”

“आबा, इथे ते वेगळे नाहीत. कामं वाटून घेतलीत एवढंच. माझ्यासारख्याला दोघं सारखेच.”

निळ्यांनी त्याला एक कागद दिला होता: इतक्या दिवसांत देश सोडून जा. पण जायचं कसं? पासपोर्ट मालकाकडे, आणि मालकाने कानांवर हात ठेवले, असा कुणी माणूस मी कामाला ठेवलाच नव्हता म्हणाला. दिलेली मुदत संपली की दिसेल तिथे पकडणार. समर म्हणाला की तो हे गाव सोडून दक्षिणेकडे चाललाय, तिकडे टोमॅटोच्या शेतांत कुणी काही विचारत नाही म्हणतात. पत्ता मिळाला की कळवतो.

त्याने तो कधीच कळवला नाही. सणावाराला एखादा फोन यायचा, तोही घाईघाईचा, मागे गाड्यांचा आवाज. मग तेही थांबलं.

समर लहानपणी हरवला त्यानंतर श्रीपतराव पहिल्यांदाच पोलीस ठाण्याची पायरी चढले. मुलगा हरवल्याची तक्रार द्यायची होती. तिथला फोजदार तरुण होता, अदबीने वागला. “काका, क्यां खोवायो?” कुठे हरवला, असं त्याने विचारलं. इटलीत म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. “काका, अमारी हद तो तरसालीना नाका सुधीज छे,” तो म्हणाला, म्हणजे आमची हद्द नाक्यापर्यंतच. हसमुखच्या घरी काही कळेल म्हणून ते करजणला गेले. घरच्यांना काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिथल्या ठाण्यावर गेले, तर तिथे सांगितलं की तुम्ही बडोदे शहराचे, आम्ही ग्रामीणचे, आमचं खातंच वेगळं. परतीच्या बसमध्ये श्रीपतरावांना जाणवलं की जन्म बडोद्यात गेला, पण इथेही पोलिसांच्या दोन जाती आहेत हे आपल्याला माहीत नव्हतं. आणि आपण इटलीचं ज्ञान वाटत बसलो होतो. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की नाक्यावर उतरल्यावर ते बूथच्या बाजूने न जाता लांबच्या रस्त्याने घरी गेले.

मग एका हिवाळ्यात हसमुख स्वतःच त्यांच्या दारात आला. अंगाने भरला होता, अंगावर चांगलं जाकीट होतं. त्याला तिथला कायमचा परवाना मिळाला होता आणि तो सुट्टीवर आला होता. राजेश्वरीने चहा ठेवला. श्रीपतरावांनी त्याला खोदून खोदून विचारलं, आणि त्या सरळ माणसाने सरळ उत्तरं दिली.

“आम्ही दोघे साथेच निघालो होतो, काका,” तो म्हणाला. गुजराती माणूस, पण समरच्या संगतीने मराठी बोलायला शिकला होता. “युनियनच्या ऑफिसला जायला. रस्त्यात काराबिनिएरीची कचेरी लागते. समरभाई तिथे थांबले. मी म्हटलं, चालो ने, पहिले युनियनमध्ये विचारून घेऊ, मग इथे येऊ. ते बोलले, ना, आबांना वचन दिलंय. मी पुढे गेलो. थोड्याच महिन्यांत सरकारने बिनपरवानावाल्यांना माफी काढली. युनियनवाल्यांनी माझं नाव घातलं. समरभाईंच्या नावावर तो जायचा कागद निघून गेला होता, एटले म्हणून त्यांचं नाव कोणी घेईना.”

कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. राजेश्वरी आत निघून गेली. तिने सासऱ्यांना त्या दिवशी काही म्हटलं नाही, पुढेही कधी नाही. श्रीपतराव मात्र रोज वाट पाहत राहिले, की आज म्हणेल, आज तरी तोंड उघडेल. ती त्यांना वेळेवर वाढायची, त्यांची औषधं आणून द्यायची.

निघताना हसमुखने एक गोष्ट मात्र सांगितली होती. समरभाईंचा फोन आला तर त्यांना सांगा, लपू नका. स्वतःहून पोलिसांकडे जायचं, खरं नाव-गाव सांगायचं. थोडे दिवस कोंडतील, पण मग आपल्या वकिलातीकडून कागद करून घेतात आणि विमानात बसवून देतात. घरी यायला आता तोच एक रस्ता आहे.

हे वाक्य श्रीपतरावांनी मनात घोकून ठेवलं. दर रविवारी ते बूथबाहेरच्या बाकावर जाऊन बसत. आता कुणाला काही ऐकवत नसत. पोरं मोठी झाली होती, पोलीसकाका म्हणायलाही कुणी उरलं नव्हतं.

वर्षं गेली. राजेश्वरीचा भाऊ पिलाजीराव येऊन बसला. वाईट माणूस नव्हता. बहीण अजून तरुण आहे, घरात दुसरी बाई नाही, लोक बोलतात, असं त्याने खाली मान घालून सांगितलं. एक चांगलं स्थळही होतं, वाघोडियाचं, बायको वारलेला माणूस. पण त्याआधी कोर्टातून सोडचिठ्ठी मिळायला हवी होती, आणि त्यासाठी नवरा सोडून गेला, त्याचा पत्ता नाही, तो परत येण्याची आशा नाही, असं कुणीतरी घरच्याने सांगायला हवं होतं. राजेश्वरी नको म्हणाली. श्रीपतरावच तिला समजावत राहिले. एकाचं आयुष्य माझ्या शब्दाने गेलं, दुसऱ्याचं तरी राहू दे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली. दिवाळी झाल्यावर तिचं लग्न लागलं. जाताना ती त्यांच्या पाया पडली आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर मोठ्याने रडली.

होळीच्या आधीच्या एका रविवारी नटुभाई केबिनमधून ओरडले, “श्रीपतकाका, बहारनो फोन!”

“आबा,” आवाज खोल गेलेला, पण समरचाच. “थकलो आबा. परत यायचंय. कुणाकडे जाऊ?”

 घोकलेलं वाक्य श्रीपतरावांनी न अडखळता म्हटलं. “पोलिसांकडे जा. निळ्यांकडे. खरं नाव सांग. थोडे दिवस कोंडतील, पण घरी पाठवतील. हसमुख सांगून गेलाय.”

 समर खोकल्यासारखं हसला. “तुम्ही म्हणता पोलिसांकडे जा? आबा, इतकी वर्षं निळा कपडा दिसला की पळतोय मी. तुम्हीच सांगितलं होतंत.”

“चुकलो मी. ऐक माझं.”

“राजेश्वरीला द्या फोन,” समर म्हणाला. “तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं. ती जा म्हणाली तर उद्याच जातो.”

“ती इथे नाहीये.”

“घरी आहे का? बोलावून आणा ने. मी थांबतो.”

“ती गेली रे,” श्रीपतराव म्हणाले.

 समरने विचारलं, “कधी?”

“दिवाळी झाल्यावर.”

“कशाने?”

तेव्हा कुठे श्रीपतरावांच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो आणि त्याने काय ऐकलं. सांगता आलं असतं. ती सुखरूप आहे, दुसऱ्या घरी नांदते आहे, आणि ते लग्न मी लावून दिलं, तू परत येणार नाहीस असं कोर्टात मी सांगितलं. एवढंच सांगायचं होतं. पण ज्या पोराला आपण पोलिसांच्या दारात लोटलं त्यालाच हे सांगायला त्यांची जीभ उचलेना.

“तापाने,” ते म्हणाले.

“फार त्रास झाला का तिला?”

“नाही.”

“मग आता कशाला येऊ, आबा?” समर म्हणाला. अगदी शांतपणे, वेळ विचारावी तसं. आणि फोन ठेवला.

“मी आहे ने रे,” श्रीपतराव म्हणाले, पण पलीकडे कुणी नव्हतं. ते रिसिव्हर तसाच हातात धरून केबिनबाहेर आले, वायर ताणली जाईपर्यंत. “परत लावा,” त्यांनी नटुभाईंना सांगितलं. “आत्ताचा फोन परत लावा.”

“काका, आ तो सामेथी आवेलो फोन छे,” नटुभाई म्हणाले, म्हणजे पलीकडून आलेला. “एनो नंबर आपणी पासे ना होय. एने कंई कहेवानुं रही गयुं?”

“हो,” श्रीपतराव म्हणाले. “एकच सांगायचं राहिलंय. ती जिवंत आहे.”